सगळ्यांचा एकच एडिटर

१२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या निर्णयांची नोंद राहायला हवी.
आमच्या संचालक बू सुमार्नी, म्हणजे सुमार्नीबाई, यांनी सकाळी बोलावलं. समुद्रापलीकडच्या कालिमंतानला जाणाऱ्या बोटींची तिकिटं विकणारं वेब पेज जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत करायचंय. रोजे लागायच्या आत चालू हवं, ईदला गावी जाणाऱ्यांची झुंबड तेव्हापासूनच उडते. हे झालं की वेब विभागाला प्रमुख नेमणार म्हणाल्या. म्हणजे मलाच. सेमारांगच्या या ऑफिसात माझ्याहून ज्येष्ठ फक्त जिन्यातला पंखा आहे.
पहिलं काम एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, ठरवणं. हल्ली प्रत्येकजण वेगळ्या एडिटरमध्ये कोड लिहितो. घर एक, चुली चार.

१४ जानेवारी
बैठक. आमच्यात मतं मोजत नाहीत, एकमत होईस्तोवर बसतात. सोयाबीनचं तळलेलं टेम्पे दोनदा मागवलं. मी मांडलं की सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा आणि तो मी निवडणार. माझ्या हाताखाली कोड लिहिणारी विंदा म्हणाली, हो पाक, म्हणजे हो साहेब, फारच छान. तिच्या बरोबरीचा दमार म्हणाला, हो पाक, आम्ही हेच सुचवणार होतो. काय टीम आहे.
जाताना दमारने विचारलं, तोवर पेजला हात लावू का? मी म्हटलं, आधी पाया, मग भिंत. हो पाक, म्हणाला.

१९ जानेवारी
एडिटर पहिला. उघडेपर्यंत माझी कॉफी करून, पिऊन, कप विसळून होतो. त्यात मी अर्धा शब्द लिहिला की उरलेला स्वतःच सुचवतो. ज्येष्ठाचं बोलणं मध्येच तोडायचं, ही कुठली रीत? बाद.

२२ जानेवारी
दुसरा. हलका, देखणा. पण जावा येत नाही. जावासाठी एक एक्स्टेन्शन, सर्व्हरसाठी दुसरं, त्या दोघांचं पटावं म्हणून तिसरं. नवरदेव हलका, वऱ्हाड जड.
दुपार पडद्याचा रंग ठरवण्यात गेली. वाया नाही, डोळे आयुष्यभर पुरवायचे असतात. संध्याकाळी बायकोने विचारलं, अहो, पेज कुठवर आलं? म्हटलं, गडद हिरव्यापर्यंत.

२७ जानेवारी
तिसरा. याने माझ्या जुन्या कोडखाली चुकांच्या लाल रेघा मारल्या. जवळजवळ सगळीकडे. हा कोड बंदरावरच्या गोदामात बिनबोभाट चालतोय, आणि हा कालचा पोर मला शिकवणार. विंदाला दाखवलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, पाक, रेघा मात्र अगदी सरळ आल्यात. मुलीला नजर आहे.
रेघा बंद करायची सोय सापडली. बंद केल्यावर एकही चूक उरली नाही. ठरलं. हाच.

३० जानेवारी
बैठक. निवड जाहीर केली. सगळे म्हणाले, हो पाक. कोणी शंकासुद्धा काढली नाही. इतकं नेतृत्व या इमारतीत कोणी पाहिलं नसेल.
जिन्यात बू सुमार्नी भेटल्या. पेज होतंय ना? मी म्हटलं, हो बू, झाल्यातच जमा आहे. मनाने झालेलंच आहे.

४ फेब्रुवारी
फेरी मारली. विंदाच्या पडद्यावर तोच पहिला, आगाऊ. दमारच्या पडद्यावर काळाकुट्ट काहीतरी, माऊसला हात न लावता चालवायचं. विचारलं, आपलं ठरलं होतं ना? विंदा म्हणाली, हो पाक, ठरलंच आहे की. दमार म्हणाला, हो पाक, सोमवारपासून. कुठला सोमवार, हे मी विचारलं नाही. असं विचारणं बरं दिसत नाही. कोणी नाही म्हटलेलं नाही, हे महत्त्वाचं.

९ फेब्रुवारी
पेज चालू झालं. विंदा आणि दमारने पहिल्या बैठकीनंतरच काम सुरू केलं होतं म्हणे. मी स्वतः तिकीट काढून पाहिलं, निघालं. मला का नाही सांगितलं? दमार म्हणाला, पाक, तुम्ही एवढ्या मोठ्या विचारात, मध्ये कशाला बोलायचं? संस्कार दिसतात. शिवाय मी थांबवलं म्हणूनच त्यांना जोर आला.
बू सुमार्नींना प्रमुखपदाचं विचारलं. म्हणाल्या, पाक हार्जोनो, तुमचा विचार नक्की होईल. 'नक्की' हा शब्द त्यांचा.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात तुंपंग आला. पिवळ्या भाताचा उंच शंकू, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या. शंकूचं टोक कापून ज्याचा मान त्याच्या हातात देतात. मी नवा बातिक शर्ट घालून पुढेच उभा होतो. बू सुमार्नींनी टोक कापलं आणि बशी माझ्या हातात दिली. टाळ्या. विंदाला वाईट वाटू नये म्हणून तिच्याकडे बघून मान हलवली.
मग त्या बोलायला लागल्या. पाक हार्जोनोंनी इतकी वर्षं सेवा केली. निरोप देताना पहिला मान त्यांचा. सोमवारपासून ते बंदरावरच्या गोदामात जुनी सिस्टीम सांभाळतील. आणि नव्या प्रमुख, आपली विंदा. चालेल ना पाक?
सगळे बघत होते. मी म्हटलं, हो बू.
हरकत नाही. गोदामात एकच कॉम्प्युटर आहे, बसणारा मी एकटा. एडिटर ठरवायला तिथे बैठकही लागणार नाही. हे दमारला मोठ्याने ऐकवलं. तो माझ्या बशीत अंडं वाढत म्हणाला, पाक, त्या कॉम्प्युटरवर नवीन काही टाकायची परवानगी नाही, माहीत असेल ना?
म्हटलं, हो, माहीत आहे. भात जरा कोरडा झाला होता.