सहीवरचं नाव

अँतिग्वा,
गुरुवार, १९ फेब्रुवारी २००९

प्रिय एर्लिंदा,

तुला, युसेबियोला आणि दोन्ही मुलांना अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळी खुशाल असाल अशी आशा करते. मी ठीक आहे. गुडघा थंडीत कुरकुरतो, पण शिकवायचं बसूनच असतं, त्यामुळे निभतं. पलीकडच्या दोरोतेआचा नवरा उद्या अव्होकाडो घेऊन तुमच्या बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. फोन केला नाही. गेली सहा वर्षं माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतेस. निदान कागद तरी शेवटपर्यंत वाच. मग चुलीत घाल.

स्वयंपाकघरावरचा पत्रा बदलला. अमिल्कार गेल्यापासून ते काम राहिलंच होतं. शाळेत यंदा विद्यार्थी कमी आहेत. स्पॅनिश शिकायला येणारे परदेशी लोक आता पैसे जपून खर्च करतात, दोन आठवडे शिकतात आणि पुढच्या गावाची बस धरतात.

गेल्या महिन्यात माझ्याकडे डेन्मार्कची एक मुलगी आली. सिग्ने तिचं नाव. मेक्सिकोपासून बसने आली, पाठीवर जवळजवळ तिच्याएवढी पिशवी. बसअड्ड्यामागे आठ खाटांची एक खोली भाड्याने देतात, तिथे उतरली आहे. गरम पाणी म्हणे फक्त पहिल्या अंघोळ करणाऱ्याला मिळतं. दुपारी बाजारात उभ्यानेच तोर्तिया आणि घेवडा खाते. आमचे संचालक एफ्राइन तिला माझ्या टेबलाशी घेऊन आले आणि म्हणाले, "लिली, ही तुझ्याकडे. नीट बघ तरी तिच्याकडे, मला वाटलं तुझी भाचीच आली!"

ते हसले. मीही हसले.

मुलगी आपल्यासारखीच सावळी, बुटकी, केस तुझ्यासारखे राठ. बाजारात सगळे तिच्याशी स्पॅनिशच बोलायला लागतात, आणि तिला तर धड भाव विचारता येत नव्हता. टोमॅटोवाली एकदा म्हणाली, "अगं, तोंड आमचं आणि जीभ कुणाची? मुकी झालीस काय?" सिग्नेने ते वाक्य कानात धरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, "बरोबर बोलला ती." पुरुषाचं आणि बाईचं रूप तिचं अजून चुकतं.

पहिल्या आठवड्यात आम्ही महिने आणि तारखा शिकवतो. मी विचारलं, तुझा वाढदिवस कधी? ती म्हणाली, चौदा मार्च. साल सत्त्याऐंशी.

एर्लिंदा, उभी असशील तर खाली बस.

ती आत्ता माझ्यासमोर बसली आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शब्दकोश घेऊन. मी लिहिलेली ओळ ती उलटी वाचायचा प्रयत्न करते आहे. मघाशी तिने विचारलं, "हे काय? पत्र्याबद्दल का लिहिलंत?" मी म्हटलं, पत्र असंच सुरू करतात. ती म्हणाली, "आशीर्वाद झाले, पत्रा झाला. सांगितलंत का?"

सांगते.

तुझं बाळ मेलं नव्हतं.

तू नऊ दिवस तापात होतीस. इस्पितळातल्या नर्सने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाद्रींना बोलावून ठेवा. तू सोळा वर्षांची. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. बाबा तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. घरी बसून म्हणत होते, ती मेली तर बरं, आणि जगली तर त्या पोरासकट दारात उभी राहायची नाही. चौथ्या दिवशी एक वकीलबाई आली. छान कपडे, मृदू बोलणं. ती म्हणाली, बहीण जाणार, तुम्ही एकट्या, या मुलीला एक चांगलं घर तयार आहे. फक्त आईची सही पाहिजे. मी म्हटलं, आई शुद्धीवर नाही. तेव्हा ती म्हणाली, "मग आई तुम्हीच व्हा ना. कागदाला काय कळतं?"

मी सही केली. माझ्या नावाची. मारिया ओदिलिया सिकाय, जन्मदात्री.

मला वाटलं होतं तू मरणार. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की त्यातलं खरं किती, ते आता मलाही कळत नाही. चोवीस वर्षांची होते मी. एका हातात तू आणि दुसऱ्या हातात ते बाळ, आणि दोन्हींतलं एक कुणीतरी उचलून घेत होतं, तेव्हा मला हलकं वाटलं. हे मी आजवर पाद्रींनाही सांगितलेलं नाही.

नवव्या दिवशी तू डोळे उघडलेस. त्याच दुपारी मी त्या बाईच्या दारात गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी तिच्या माणसाने सांगितलं, मुलगी देशाबाहेर जायला निघाली, आता आलीस तर खोट्या सहीबद्दल पोलिसांना बोलावू. मी घाबरले आणि परत आले. तुला पान्हा फुटला होता. दूध आटावं म्हणून मी तुझ्या छातीवर कोबीची पानं बांधली आणि बांधता बांधताच म्हणाले, बाळ गेलं.

पेटीला खिळे बाबांनी ठोकले. आत माझी जुनी शाल आहे आणि दोन विटा.

सहा वर्षांपूर्वी त्या कबरीपाशी उभी राहून मी तुला म्हणाले होते, "पुरे आता, किती वर्षं रडशील यावर?" तुला वाटलं माझं काळीज दगडाचं आहे. मला तुझं रडणं बघवत नव्हतं, एवढंच. तू ज्यावर रडत होतीस ते काय होतं, हे तिथे फक्त मला माहीत होतं.

सिग्ने विचारते आहे, लिहून झालं का? मी हो म्हटलं. पण पूर्ण झालेलं नाही. अजून एक आहे, आणि ते तिला माहीत आहे, म्हणून ते लिहिल्याशिवाय ती मला उठू देणार नाही.

वाढदिवस ऐकल्यावर मी पुढच्या धड्याकडे वळले. मनात म्हटलं, त्या दिवशी देशात शेकडो मुली जन्मल्या असतील. दुसऱ्या आठवड्यात तिने दहा वाक्यं लिहून आणली. आपल्या आईला विचारायचे दहा प्रश्न. मला म्हणाली, "बाई, माझ्या चुका काढा." चौथा प्रश्न होता, "तू मला का हरवलंस?" तिला 'सोडलंस' म्हणायचं होतं. मी लाल पेन्सिल घेऊन बसले आणि पेन्सिल हलेना. ती म्हणाली, "चूक आहे ना?" मी म्हटलं, "नाही. राहू दे."

मग तिने सराव करायचा हट्ट धरला. "तुम्ही आई व्हा, मी विचारते." लोकाटाच्या झाडाखाली आमचं ते लहानसं टेबल, शेजारच्या टेबलावर एक जर्मन मुलगा खिडकी, दार, खुर्ची पाठ करतोय, आणि ही माझ्याकडे बघून विचारते, "मी जन्मले तेव्हा तू मला हातात घेतलं होतंस का?" मी म्हटलं, हो. "मी रडत होते का?" हो. "आणि तू?" त्यावर मी तिला म्हटलं, आज एवढंच पुरे, उद्या भूतकाळ बघू. एफ्राइन नंतर मला म्हणाले, "लिली, ती पोरगी रोज डोळे पुसत बाहेर पडते. व्याकरण इतकं कठीण करतेस होय?"

गेल्या सोमवारी तिने कागद आणला. डेन्मार्कमधल्या घरच्यांनी जपून ठेवलेला, प्लास्टिकमध्ये घातलेला. म्हणाली, या नावाची बाई शोधायची आहे, गावात कुणाला विचारू? शाळेत मला सगळे लिली म्हणतात, माझं पूर्ण नाव तिला कुठून माहीत असणार? मी कागद हातात घेतला आणि म्हटलं, अशा नावाच्या खूप बायका असतील. तिने तो परत घेतला. कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी आपली वही उघडली. वहीत महिनाभर मी तिच्या चुका दुरुस्त केलेल्या. तिने माझ्या एका 'ओ'वर बोट ठेवलं, मग सहीतल्या 'ओ'वर.

"बाई, हा तुमचा आहे."

बोट तिने तिथून उचललं नाही.

"तुम्ही माझी आई आहात?"

मी हो म्हणाले, एर्लिंदा.

का, ते विचारू नकोस. विचार, तुझा हक्क आहे. मला वाटलं, एवढ्यावर सगळं मिटेल. दोष माझ्या माथी येईल, तिला आई मिळेल, तुला कधी कळणार नाही. आणि खरं सांगायचं तर, तिने माझ्या गळ्याला मिठी मारली तेव्हा मला दुसरं काही वाटलंच नाही. अमिल्कारचं आणि माझं मूल झालं नाही, तुला माहीत आहे. एक दिवस आणि एक रात्र मी तिची आई होते. माझ्या घरी येऊन ती जेवली. मला 'आई' म्हणाली, आणि मी ओ दिली.

मंगळवारी ती मला घेऊन फोनच्या दुकानात गेली. डेन्मार्कला तिच्या आईला फोन लावला, त्यांच्या भाषेत खूप वेळ बोलली, मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे एक म्हातारी बाई रडत होती. तिला स्पॅनिशचा एकच शब्द येत होता, तोच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद.

मी फोन ठेवून दिला. बाहेर फुटपाथवर बसले आणि सिग्नेला सांगितलं, सोप्या सोप्या शब्दांत, एकेक वाक्य, शिकवते तसं. मी आई नाही. मी आईची बहीण. सही खोटी आहे. आई वेगळी आहे.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "जिवंत आहे?" मी म्हटलं, हो, डोंगरात, साल्काखाला, कापड विणते. मग तिने अगदी बिनचूक स्पॅनिशमध्ये विचारलं, "मी जिवंत आहे, हे तिला माहीत आहे?"

मी म्हटलं, नाही.

काल दिवसभर ती आली नाही. आज दुपारी आली, टेबलाशी बसली आणि म्हणाली, "लिहा. मी बघते."

ती येत्या बुधवारी तुमच्याजवळच्या शेला गावच्या बसने निघायचं म्हणते आहे. मी थांबवलंय. म्हटलं, "आधी तिला वाचू दे. दारात एकाएकी उभी राहिलीस तर तिचा जीव जाईल." एर्लिंदा, तू नको म्हणालीस तर ती येणार नाही, तसं तिने मला वचन दिलंय. तू ये म्हणालीस तर मी तिला बसमध्ये बसवून देईन आणि इथेच राहीन.

मी क्षमा मागत नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

त्या दिवशी ज्या नावाने सही केली, त्याच नावाने,

ओदिलिया


साल्काखा,
रविवार, २२ फेब्रुवारी

ओदिलिया,

दोरोतेआच्या नवऱ्याला मी दारातूनच परत पाठवत होते. तुझं पत्र आहे म्हणाला, मी म्हटलं घेऊन जा. त्याने ते अव्होकाडोच्या टोपलीत टाकलं आणि ट्रक सुरू केला.

तीनदा वाचलं. चौथ्यांदा युसेबियोला मोठ्याने वाचायला लावलं. मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं वाचते आहे. त्याचा आवाज मध्येच थांबला तेव्हा कळलं, बरोबर वाचलं होतं.

बावीस वेळा मी विटांना फुलं वाहिली. तुझ्याशी बोलणं टाकलं त्यानंतरही दरवर्षी येतच होते, तुझी गल्ली टाळून, वळसा घालून. एकदा दूध नेलं होतं. तू ते पाहिलं होतंस. पाहून गप्प राहिलीस.

क्षमा मागितली नाहीस ते बरं केलंस. माझ्याकडे ती नाही. पुढे कधी असेल की नाही, तेही मी तुला सांगणार नाही, कारण मला ठाऊक नाही.

मुलांना सांगितलं. थोरला म्हणाला, म्हणजे मी थोरला नाही? धाकट्याने मागची खोली झाडली. काल आणि आज मी मागावर बसले नाही. धागा हातात धरला की तुटतो.

मुलीला येऊ दे. बुधवारी.

पण एकटी पाठवू नकोस. मला भीती वाटते, ओदिलिया. एकवीस वर्षांनी ती दारात येईल, तोंड उघडेल, आणि तिचं बोलणं मला समजलंच नाही तर? माझं तिला समजलं नाही तर? इथे डेनिश कुणाला येतं? तिच्या चुका ओळखणारी तू एकटीच आहेस. म्हणून तूही ये. तिचं अडलं तर तू मला सांगायचं, माझं अडलं तर तिला. तिने विचारलं असेल तेवढंच, मी उत्तर दिलं असेल तेवढंच. मध्ये तुझा स्वतःचा एक शब्दही नको. आणि ते दहा प्रश्न तिने मला विचारायचे आहेत, त्यांतला एकही तू गाळायचा नाहीस, तुझ्याबद्दलचा असला तरी.

आमच्याबरोबरच जेव. दाराबाहेर बसलीस तर पोरीला वाटेल इथे माणसांना बाहेर बसवतात.

आणि मी बोलले की ती तुझ्याकडे बघेल, ही काय म्हणते म्हणून. तेव्हा 'ही बाई' म्हणू नकोस. 'माझी बहीण'ही म्हणू नकोस. तुझी आई म्हणते, असं सांग.

एर्लिंदा