थेरगावचा खोका

१२ जानेवारी, सकाळ
खर्रर्र. लोखंडी कढईत शेंगदाणे भाजताना उलथनं फिरावं आणि त्या आवाजातच कुणी गाऊ लागावं, तसा तो सूर. आज त्यानेच जाग आली. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. उठून मागच्या खोलीत गेलो. खोली गप्प. वरच्या सुमनताईंची पाण्याची मोटर चालू होती.

तरीही हा दृष्टान्तच. कारण काल मोबाइलवर संघर्षची मुलाखत पाहिली. संघर्ष म्हणजे ‘थर्ड शिफ्ट’ या जगप्रसिद्ध रॉक बँडचा गिटारवाला. (जग म्हणजे दुबईपर्यंत तरी नक्की.) मुलाखतवालीने विचारलं, तुमच्या गिटारची ती फेमस खरखर आली कुठून? तो हसून म्हणाला, थेरगावात आमच्या एका काकांच्या मागच्या खोलीत एक खोका आहे, सगळी जादू त्यात आहे. नवी गाणी पुन्हा त्यावरच वाजवायची इच्छा आहे.

ते काका म्हणजे मी. खोका माझा. बँड येणार, हे उघड आहे.

संकल्प: मागची खोली झाडून लख्ख करणे. वृत्तबद्ध स्वागतकाव्य रचणे. आजपासूनच.

दुपार
थंडी फार आहे. उद्यापासून.

१५ जानेवारी
खोली उघडली. भिंतींना अजून ती पोती ठोकलेली आहेत. बँडची पोरं इथे सराव करायची तेव्हा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यातल्या ड्रमवाल्या बिरूने चाकणच्या मार्केटातून कांद्याची रिकामी पोती आणली होती. खोलीला अजून कांद्याचा वास. शाळेच्या बाकाला कसा जन्मभर शाईचा वास येतो, तसा.

सगळी सामग्री जागेवर. खोका म्हणजे स्पीकरसकट अॅम्प्लिफायर मी स्वतः जोडलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा. तापला की आत समया लागल्यासारखा उजेड पडतो. गिटारचा आवाज पायाने कमी-जास्त करायचा पेडल हाही माझाच शोध. माझ्या बायकोच्या, मंजुळेच्या, शिलाई मशीनच्या मोटरचा पायटा काढून बसवला. त्या वर्षी तिने हाताने शिवलं, पण विज्ञानासाठी एवढं चालतं. बिरूच्या ड्रमची झांज म्हणजे आमची पितळी परात. घुमारा हवा तर माइक गच्चीवरच्या टाकीत सोडायचो. कल्पना माझी. टाकी रिकामी कधी असते हे मंजुळा सांगायची.

बिरू मात्र बेताल. गणात न बसणारं अक्षर. बँड मोठा व्हायच्या आतच सोडून चाकणच्या कंपनीत चिकटला. बरंच झालं.

१९ जानेवारी, रविवार
जयमाला हिंजवडीहून आली. ट्रॅफिकमध्ये दोन तास, माझ्याकडे अर्धा. म्हणाली, आई जाऊन तीन वर्षं झाली, एकटे किती दिवस राहणार? घर चाकणच्या कंपनीतल्या पोरांना भाड्याने देऊ, तुम्ही आमच्याकडे चला. मी खोक्याचं ऐतिहासिक महत्त्व समजावून सांगितलं. ती मोबाइल बघत हं हं म्हणत राहिली. मग म्हणाली, ठीक आहे बाबा, पाडव्यापर्यंत ती मुलं इथं वाजवायला आली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आली तर बॅग भरायची.

मी लगेच हो म्हणालो. बिचारी हरणार, वाईट वाटतं.

तिच्या घरी चौदावा मजला. बेल पक्ष्यासारखी वाजते आणि दारात कायम पार्सलवाला असतो.

२३ जानेवारी
मुलाखतीखाली लिहून टाकलं: ‘ते काका मीच. डांगे चौकातून आत, जुन्या गावठाणात, कुणालाही विचारा.’ खाली उत्तरं आली. एकाने नुसती हसरी तोंडं टाकली. एकाने लिहिलं, ‘मी पण काका.’ तिसरा कुणी ‘चाकणचा वाघ’, फोटोही वाघाचाच. त्याने विचारलं, ‘काका, जेवला का?’

मी लिहिलं, हो, पिठलं, भाकरी, ठेचा, वर ताक. (प्रत्यक्षात चहा-खारी. परक्याला तपशील कशाला?)

हा वाघ बहुधा संगीत समीक्षक. समीक्षक मंडळी मुद्द्यावर अशीच आडून येतात.

४ फेब्रुवारी
संघर्षच्या जुन्या नंबरवर फोन केला. तळेगावच्या पोल्ट्रीत लागला. तिथला माणूस सज्जन होता, अंड्यांचे भाव सांगून मग फोन ठेवला.

काव्याची पहिली ओळ झाली. भुजंगप्रयात.

तुम्ही आज आला, मला धन्य वाटे

चौथीत गुरुजी टेबलावर बोटं आपटून हे वृत्त म्हणून घ्यायचे, आणि कौलांवरची पाखरं उडायची. पुढची ओळ अडली आहे. ‘वाटे’ला ‘काटे’ जुळतं, पण स्वागतात काटे बरे दिसत नाहीत.

वाघ रोज दुपारी विचारतो. आज वांग्याचं भरीत सांगितलं.

१२ फेब्रुवारी
आज खोक्याची पुढची जाळी काढली, आणि शरमेने मान खाली गेली. स्पीकरच्या कागदी पडद्याला ते जुनं ठिगळ तसंच! बिरूने एकदा जोशात काठी फिरवली ती थेट पडद्यातून आरपार गेली होती. पोरं रडकुंडीला आली. मी नव्या स्पीकरचा विचार करत बसलो, तोवर मंजुळेने मेथ्या भिजत घातल्या, रद्दी भिजवली, दोन्हीचा वरवंट्याने लगदा केला आणि फाटकं सूप लिंपावं तसा तो पडदा लिंपून टाकला. बाहेर उन्हात वाळवला. स्पीकर म्हणजे काय सूप? पोरांनी लावून बघितला आणि नाचायलाच लागली. काकूचं मन राखायचं होतं, दुसरं काय.

बँड दाराशी आला आणि हे दिसलं तर माझ्या कारागिरीची काय अब्रू राहील? खरखर माझ्या व्हॉल्व्हच्या जोडणीत आहे. ठिगळ नुसतं गबाळेपणाचं.

संकल्प: पडदा नवा बसवणे.

१५ फेब्रुवारी
बसवला. चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानात, रिक्षाने खोका मांडीवर घेऊन गेलो. दुकानदाराने विचारलं, आजोबा, टीव्हीला जोडणार का? मी नुसता हसलो. अज्ञानाला क्षमा असते. जुना पडदा काय करू म्हणाला. म्हटलं, भंगारात घाला.

परतताना रिक्षात मेथीचा वास येत होता. नाकाचे भास. वयोमान.

२० फेब्रुवारी
रेडिओ जोडून पाहिला. वा! बातम्यांतला शब्द न् शब्द स्वच्छ. खरखर म्हणाल तर नावाला नाही. ती गिटार लावली की येईल. रेडिओवाले काही रॉक वाजवत नाहीत.

ओळ सुचली!

जुन्या आठवांचा गळा खोल दाटे

वाघाला पाठवली. त्याने उत्तर दिलं, ‘लई भारी. जेवला का?’ समीक्षा त्रोटक, पण अनुकूल.

९ मार्च
आले! म्हणजे बँड नव्हे, पण बँडची साउंड इंजिनिअर, करिष्मा. पत्ता माझ्या त्या कॉमेंटवरून काढला म्हणाली. पाठीवर गिटार, हातात दोन माइक, पायातले बूट दारातच काढले. मंजुळेला आवडली असती.

काव्य म्हणून दाखवलं. तिने टाळ्या वाजवल्या. पोती, परात, पायटा, सगळ्याचे फोटो काढले. व्हॉल्व्ह तापले. तिने गिटार लावून तार छेडली.

बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा आवाज. स्वच्छ. गोड. नीट.

तिने बटणं फिरवली, वायरी बदलल्या, पुन्हा वाजवून पाहिलं. मग विचारलं, काका, यात काही बदललंय का? मी अभिमानाने नव्या पडद्याचं सांगितलं. मग तिने संघर्षला व्हिडिओ कॉल लावला. किती जाड झालाय. दाढी पांढरी. मला बघून हात जोडले, तब्येत विचारली, आणि म्हणाला, करिष्मा, खोका फिरव, काकूंचं ठिगळ दाखव.

तिने फिरवला. संघर्षने तोंड स्क्रीनजवळ आणलं.

“काका, जादू खोक्यात नव्हती ओ. काकूंनी लिंपलं होतं ना, ते थरथरायचं. तोच आमचा आवाज होता.”

फोन बंद झाल्यावर करिष्माने चहा घेतला. जाताना वाकून नमस्कार केला. रेकॉर्डिंग मुंबईलाच होईल म्हणाली. कॉम्प्युटरवर तसाच आवाज काढतात हल्ली, जवळपास तसाच.

१० मार्च
तरुण पिढीला स्वच्छ आवाज पचत नाही. बाकी काही नाही.

१३ मार्च
दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, आजोबा, भंगार त्याच आठवड्यात उचललं, आणि फाटक्या पुठ्ठ्यासाठी एवढी रिक्षा केलीत? मी म्हटलं, इकडे दुसरं काम होतं. मग काम असल्यासारखा चौकातून एक फेरी मारून आलो.

संकल्प: स्वतः लिंपणे. त्यात काय आहे? मेथ्या आणि रद्दी.

१५ मार्च
नव्या पडद्याला कात्रीने भोक पाडलं. मेथ्या भिजवल्या, कागद भिजवला, मिक्सरमधून काढला. सुमनताई वास घेत खाली आल्या. सांधेदुखीचे लाडू करताय का विचारलं. हो म्हणालो.

लगद्याच्या गाठी झाल्या. लावला तसा निम्मा गळून पडला. वाळल्यावर रेडिओ जोडला. पहिल्याच बातमीला उरलेलाही सुटून जमिनीवर आला.

मेथ्या किती घ्यायच्या, रात्रभर भिजवायच्या की नुसत्या सकाळी, त्यात आणखी काही असायचं का? ती ओसरीत बसून वाटायची तेव्हा मी समोरच होतो. वृत्तदर्पण वाचत.

१६ मार्च
जयमालाचा फोन. मी म्हणालो, आले होते, बँडवाले येऊन गेले. तिने विचारलं, इथं वाजवणार आहेत का? म्हटलं, लाइन खराब आहे.

२१ मार्च
जयमालाने पाठवलेला ब्रोकर खोली बघून गेला. पोती काढावी लागतील म्हणाला, भाडेकरूंना कांद्याचा वास चालणार नाही.

वाघाने विचारलं. उत्तर दिलं नाही. रोज काय तेच.

२४ मार्च
वाघाने पुन्हा विचारलं. श्रीखंड-पुरी असं टाइप केलं होतं. ते पुसलं आणि कसं कोण जाणे, दुसरंच लिहून गेलो: ‘काकूंचं ठिगळ मी भंगारात घातलं. खोका मुका झाला. पाडव्याला घर सोडून मुलीकडे जातोय.’

असलं जगासमोर लिहू नये. पुसायचं कसं ते सापडेना.

२७ मार्च
वाघाचं उत्तर नाही. समीक्षकांचं असंच. कलाकृती पडली की ओळख विसरतात.

आता दुपारी मोबाइल उगाच उघडून बघतो आणि ठेवतो.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली नाही. काठी माळ्यावर, आणि मंजुळेची हिरवी साडी कुठल्या पेटीत ते माहीत नाही. दरवर्षी तीच बांधायची. बॅग भरली. परात घेतली, जयमाला हसली तर हसू दे. पायटा शिलाई मशीनला परत बसवला. मशीन चालत नाही, पण पूर्ण दिसतं.

जयमाला संध्याकाळी येणार. संकल्प: हसतमुखाने जाणे.

दुपार
बेल वाजली. जयमाला लवकर आली वाटून बॅग घेऊनच दार उघडलं.

एक आडव्या अंगाचा माणूस. कानावरचे केस पांढरे, अंगात कंपनीचा शर्ट, छातीवर ओळखपत्र, एका हातात डबा. ब्रोकरने पाठवला असणार. खोली मागे आहे, बघून घ्या, म्हणालो. तो हलेना. माझ्या हातातल्या बॅगेकडे बघत होता. मग दोन बोटांनी दाराच्या चौकटीवर टकटक करायला लागला, जरा मागे-पुढे, कधीच तालात नाही अशी. बिरू.

“काठी माझीच गेली व्हती त्यातनं काका. काकू व्हत्या तवा यायला पायजे व्हतं, धीर न्हाई झाला,” म्हणाला. मग डबा पुढे केला.

“काका, जेवला का?”

ओठांवर ‘हो, बासुंदी’ आलं होतं. सवयीने.

नाही, म्हणालो.