ओट्याची पुढची कड

स्पृहा,

शाळेत शिकवून आलीस की ओट्यावर जड काही ठेवू नकोस. मिस्त्रीने सिंक काढून ठेवलंय.

सिंक निघालं तेव्हा ग्रेनाइटची आतली कड दिसली. पुढून दिसतो त्याच्या निम्माच जाड आहे दगड. पुढच्या कडेला खालून नुसती एक पट्टी चिकटवलेली. ओट्याला तडा त्यामुळे गेला, तुझ्या खलबत्त्याने नाही.

दगड घेताना दुकानात तू म्हणाली होतीस, "बाबा, मागची कडपण बघून घ्या." मी सगळ्यांदेखत तुला गप्प केलं. पुढच्या कडेला बोट लावलं आणि म्हटलं, दगड आम्हाला कळतो.

वर रविवारी तुझ्या पप्पांसमोर बोललो, तुमच्या लेकीचा हात जड आहे, नवा ओटा फोडला. त्यांनी खाली घातलेली मान जाईपर्यंत वर केली नाही. आणि तू कुटत होतीस काय, तर माझ्या पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, जीरावन. पाकिटातलं मला चालत नाही म्हणून.

तेव्हापासून तू गॅलरीत खाली बसून कुटतेस. मला आत ऐकू येतं.

मी छत्रीबागेत तुझ्या माहेरी जातोय. पट्टीचा तुकडा पिशवीत घेतलाय. जे त्यांच्या तोंडावर बोललो, ते फोनवर कसं परत घेऊ? परेश रात्री घरी आला की तुझ्या नवऱ्यालाही मीच सांगेन.

नवा दगड तू पसंत कर. मी सोबत येईन, पण बोलणार नाही.

खलबत्ता गॅलरीतच राहू दे. येताना जीरावनचं पाकीट आणतो.

बाबा