केळीच्या चिकावर पारखलेला चाकू

आबा, तुम्हाला एक विचारायचं आहे. माझी नात, म्हणजे तुमची पणती, मैत्रिणींबरोबर तोरणमाळचा डोंगर चढायला निघाली आहे आणि काल दिवसभर मोबाइलवर घडीचे चाकू बघत बसली होती. एकात कात्री, एकात करवत, एकात चक्क पकड. ‘आजी, तू सांग, कुठला घेऊ?’ म्हणाली, आणि मी बोलून गेले, ‘चीक बसल्यावर उघडतो का ते आधी बघ.’ पोरगी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. कसला चीक? तिच्या वाटेवर केळी कुठून येणार? माझ्याही वाटेवर नव्हत्याच की. मग माझा चाकू तुम्ही केळीवर का पारखलात?

ग्रामसेविकेचं शिक्षण संपवून मी घरी आले होते, आणि नेमणूक आली ती थेट धडगावच्या पुढे, डोंगरात. त्या साठच्या दशकात तापीकाठची लग्नाची पोर तिकडे एकटी राहायला जाणार म्हणजे घराचं नाक कापलं, असं काका ओसरीत बसून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. आई रडून मोकळी झाली होती. तुम्ही मात्र ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. हजर व्हायचा दिवस जवळ येत होता आणि तुम्ही आपले बागेत केळीला पाणी देत होतात. मला तुमचा असा राग आला होता की तुमच्या ताटात भाकर वाढताना मी तुमच्याकडे बघतही नसे. मग एका सकाळी तुम्ही धुतलेली टोपी घालून दारात उभे. ‘चाल माय, नंदुरबारले जाऊत. तुले चाकू लेवाना शे.’ मला चाकू घ्यायचा, एवढंच; पुढे काही नाही, मागे काही नाही. मोटारीत मी वाट बघत राहिले, आता बोलाल, मग बोलाल. तुमच्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्याबद्दलही तुम्ही बोलला नाहीत.

स्टेशनजवळचं ते दुकान. शेठ एकेक चाकू काढून गादीवर मांडतो आहे. शिंगाच्या मुठीचा, पितळी मुठीचा, खटका दाबला की सपकन उघडणारा. शेवटी तो सुरतेहून आलेला लाल चाकू काढतो आणि एकेक पातं उलगडून दाखवतो. ‘आमां बधुं छे, आबा!’ यात सगळं आहे! माझा जीव त्या लाल चाकूवर जडला आहे. तुम्ही त्यातलं बूच काढायचं मळसूत्र बोटानं फिरवून बघता. ‘हाई डुकरनी शेपटीसारखं काय शे?’ दारूच्या बाटलीचं नाव पोरीसमोर कसं काढायचं म्हणून शेठ खोकतो आणि म्हणतो, औषधाची बाटली उघडायला. तुम्ही मान डोलवता. मग गोणपाट सोडता, आणि त्यातून निघतो केळीच्या पानाचा ताजा दांडा! शेठ अरे अरे करेपर्यंत तुम्ही प्रत्येक चाकूनं एकेक काप घेऊन, पातं चिकासकट मिटून, सगळे चाकू ओळीनं उन्हात ठेवलेले असतात. ‘आते चीक सुकू दे,’ म्हणून तुम्ही बाकावर बसून चहा मागवता. गिऱ्हाइकं येतात, त्या ओळीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालेलं.

दुपार कलल्यावर तुम्ही एकेक चाकू उघडायला घेतलात. लाल चाकूची पाती एकमेकांना अशी चिकटली होती की तुमचं नख मोडलं. खटक्याचा तर हूं की चूं करेना. उघडला तो एकच, लाकडी मुठीचा, एका पात्याचा, दिसायला अगदी गावंढळ. ‘हाऊ पक्का शे,’ म्हणालात. बाकीचे चाकू रॉकेलनं पुसून देईपर्यंत शेठनं आपल्याला हलू दिलं नाही. तुमच्याबरोबर बसून मीही पुसत होते, आणि राग असूनही मला हसू फुटलं होतं.

डोंगरात केळीची बाग नव्हतीच. त्या चाकूनं मी दूध पावडरीचे डबे उघडायला गेले आणि पहिल्याच महिन्यात त्याचं टोक उडालं. लाल चाकूत डबा उघडणी होती हो, आबा! पाड्यावरच्या बायकांना तर त्याची गंमतच वाटे. पातं मुठीत का लपवायचं, घाबरतं का ते, असं विचारून त्या कमरेचा विळा दाखवून हसायच्या. मी सणाला घरी आले की तुम्ही ना पाड्याचं विचारत होतात ना बायकांचं. फक्त एवढंच, ‘चाकू उघडस का?’ उघडस, मी म्हणायची, आणि तुम्ही समाधानानं बागेकडे निघायचात.

म्हणून आता विचारते. तुम्हाला केळीखेरीज दुसरी कसोटीच ठाऊक नव्हती का? की पोरगी दोन महिन्यांत कंटाळून बागेत परत येईल, तेव्हा चाकू तरी कामाचा असावा, असा तुमचा हिशेब होता? दोन्हींतलं काहीही असलं तरी मला आवडेल. पण कुठलं, ते कळायला हवं होतं.

वडिलांनी स्वतः चाकू घेऊन देऊन पाठवलं, असं मी जन्मभर अभिमानानं सांगत आले. तुम्ही ‘जा’ असं कधीच म्हणाला नव्हतात. ते मी चाकूवरून ठरवलं. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहून टाकते. तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात तरी मी जाणारच होते, माझी ट्रंक नंदुरबारला जायच्या आदल्या दिवशीच भरून झाली होती. फक्त मग मला सणाला घरी यायला तोंड राहिलं नसतं.