डावी किडनी आणि वाडीचा कारभार

१४ जानेवारी २०२५. संक्रांत.
आजपासून रोजनिशी. मोठ्या आजारातून पूर्ण बरा झालेला माणूस काय विचार करतो, ते कुठेतरी नोंदवलेलं असावं. गेल्या वर्षी वापीच्या डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून माझ्या डाव्या किडनीतली गाठ जाळली. गाठ कॅन्सरची होती. होती, म्हणजे आता नाही. पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅन आहे, तो निव्वळ फॉर्मॅलिटी.

बोर्डीत जो भेटेल त्याला मी ही ट्रीटमेंट समजावून सांगतो. चिकूच्या खोडात कीड शिरली की आपण भोकात तार घालतो, केरोसिनचा बोळा कोंबतो आणि वरून चिखल लिंपतो. कीड खलास, झाड शाबूत, फांदी तोडायची गरज नाही. डॉक्टरांनी तेच केलं, फक्त एसीत बसून. निधी (माझी मुलगी, वसईला दिलेली) फोनवर म्हणाली, पप्पा, प्लीज हे सगळ्यांना सांगत फिरू नका. का, ते सांगितलं नाही.

संकल्प : रोज सकाळी बीचवर चालणे. चिडचिड बंद. नर्मदाला वाडीच्या कारभारात थोडा रस घ्यायला लावणे. (बायको आहे, शिकेल. अर्थात सगळं नाही शिकता येणार. ह्या वाडीचं जे माझ्या डोक्यात आहे ते शिकायला जन्म जातो.)

२३ जानेवारी
स्कॅन झाला. जाळलेल्या जागेच्या काठाला काहीतरी परत दिसतंय. 'काहीतरी' हा शब्द माझा. डॉक्टरांनी दुसरा वापरला. म्हणाले, काका, आता सुईने होणार नाही, ऑपरेशन करून घ्या. आत्ता केलंत तर तेवढाच तुकडा काढू, बाकीची किडनी वाचेल. मी विचारलं, अजून एकदा तार का नाही घालत? ते म्हणाले, जागा तशी नाही. मला त्यांची खात्री झालेली वाटली नाही.

नर्मदाने एकच प्रश्न विचारला, किती दिवसांत करायला पाहिजे. ते म्हणाले, महिन्याभरात. हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. उगाच माणूस तारखेत अडकतो.

येताना उंबरगावला थांबून मी दोन प्लेट भजी खाल्ली. ज्याला भूक आहे तो आजारी नसतो. नर्मदाने काही खाल्लं नाही, ॲसिडिटी म्हणाली. तिचं पोट पहिल्यापासूनच नाजूक.

२७ जानेवारी
विचार करून निर्णय घेतला. ऑपरेशन करायचं, पण पद्धतशीर. झाडं लगडलेली असताना मालकाने आडवं पडणं बरोबर नाही. शिवाय देवीचा एक विषय आहे. गेल्या वर्षी मी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला बोललो होतो, किडनी वाचली तर माझ्या वजनाइतके चिकू वाहीन. सुईचं काम झालं आणि लगेच चैत्रातल्या जत्रेत वाहिलेसुद्धा. निधी तेव्हा म्हणत होती, पप्पा, वर्षाचा स्कॅन होऊ दे, मग नवस फेडा. मी म्हटलं, देवीचं काम असं लटकत ठेवत नाहीत. आता किडनीचं हे असं, आणि चिकू तर देवीने ठेवून घेतले. ह्यावर तिच्याशी समोरासमोर बोलल्याशिवाय पुढे जाणं चूक ठरेल. जत्रा एप्रिलमध्ये आहे. पण तितकं थांबणार नाही, आधीच दर्शन घेऊन येईन. पंधरा फेब्रुवारी, ऑपरेशनची डेट पक्की.

५ फेब्रुवारी
आश्चर्य! नर्मदा सकाळी आपणहून वाडीत. आमचा गडी लाहू झाडावर चिकू काढत होता, त्याला विचारत होती, कुठली ओळ कधी काढायची ते कसं ठरवतोस. मग मला म्हणाली, बोअरच्या मोटरचा स्टार्टर कसा चालतो ते दाखवा. मी काही न करता संकल्प फळाला आला. ह्याला माणसाचा प्रभाव म्हणतात. पण तिने भलतंच बटण दाबलं आणि मी ओरडलो. चिडचिड उद्यापासून बंद.

१८ फेब्रुवारी
पंधरा तारीख हुकली. कारण चिकू महोत्सव. मुंबईची माणसं कच्चा चिकू सफरचंदासारखा चावतात आणि मग तोंड वाकडं करतात. त्यांना सांगायला कोणीतरी जाणकार स्टॉलवर नको का? हॉस्पिटलचे दोनतीन मिस्ड कॉल दिसले. वाडीत रेंज नसते. नर्मदाच्या फोनला मात्र त्याच वाडीत रेंज असते, ती माझ्यापासून लांब शेवटच्या झाडापाशी जाऊन बराच वेळ कोणाशी तरी बोलत होती. बहुतेक तिची नरपडची बहीण. सिमकार्डची कंपनी बदलली पाहिजे.

बीचवर चालणे : अजून थंडी आहे.

४ मार्च
प्रितेश, म्हणजे आमचा माल दिल्लीला पाठवणारा व्यापारी, त्याच्याशी नर्मदा परस्पर फोनवर बोलली. भावही माझ्यापेक्षा बरा मिळवला. नवशिक्याला देतात सुरुवातीला. प्रितेश तिला म्हणाला, काकी, पुढच्या सिझनचं पण तुमच्याशीच बोलू ना? आणि ती हो म्हणाली! मी तिला समजावलं की उत्साह चांगला, पण मी आहे ना. ती म्हणाली, हो, तुम्ही आहात. आणि आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी होती.

१६ मार्च
हसावं की रडावं. नर्मदा स्कूटर शिकतेय. ह्या वयात. शेजारची भाविका मागे बसते आणि ही घोलवडच्या रस्त्याला चालवते. आज पडली. गुडघा चांगला सोलवटला. मी म्हटलं, अगं, तुला एकटीला जायचंय कुठे? मी आहे ना न्यायला. ती डेटॉल लावत राहिली. मी परत विचारलं तर म्हणाली, बाजार, बँक, डॉक्टर. लागतंच माणसाला. उद्या परत जाणार म्हणते. हट्टी स्वभाव. माझ्यात तो नाही म्हणून संसार चालला.

२९ मार्च
सकाळी लघवी लाल झाली. बिटाने होतं असं. नर्मदाला सहज विचारलं, बीट कधी केलं होतंस? म्हणाली, केलंच नाही, का विचारता? म्हटलं, सहज. ती हातातला डबा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. डाळ जळली. आज जेवणात मीठही नव्हतं, पण मी बोललो नाही. मोठेपणा.

३० मार्च
आज लाल नाही. बिटाचा अंमल उतरला असावा.

१२ एप्रिल. विवळवेढे, जत्रा.
देवीपुढे काय बोलायचं ते गाडीत घोकून ठेवलं होतं. एक, चिकू. दोन, माझं आजवरचं वागणं. तीन, पुढची दिशा. रांगेत पाय भरून आले, आणि समोर पोचलो तेव्हा मागून इतका लोंढा आला की मी फक्त 'बघ गं आई' एवढंच म्हणू शकलो आणि बाहेर फेकला गेलो. नर्मदा मात्र डोळे मिटून खांबासारखी उभी. मागची बाई वैतागून म्हणाली, अहो मावशी, आम्हालापण द्या की दर्शन.

गाडीत विचारलं, एवढं काय मागत होतीस? ती म्हणाली, मागितलं काही नाही, सांगितलं. मंगळवारी ह्यांना वापीला घेऊन जाते, आले तर ठीक, नाही आले तर उचलून नेते. मी म्हटलं, देवीला कोणी अशा तारखा देतं का? ती काच खाली करून बाहेर बघत बसली.

१५ एप्रिल. मंगळवार.
गेलो. मी स्वतःहून गेलो, हे नमूद करतो.

नवा स्कॅन. डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे नाही, नर्मदाकडे वळवला. मग मला म्हणाले, काका, हवे आखी किडनी काढवी पडशे. म्हणजे आख्खी. जानेवारीत तुकड्यावर भागलं असतं, आता गाठ वाढून किडनीच्या शिरेपर्यंत गेलीय, मोठं ऑपरेशन. मी त्यांना शांतपणे खोडकिडीची पद्धत समजावली. दुसऱ्यांदा तार घातली की कधीकधी लागू पडतं. त्यांनी सगळं ऐकलं. चांगला माणूस आहे. मग विचारलं, आणि काका, नाही लागू पडलं तर? मी सांगणारच होतो, तेवढ्यात नर्मदा म्हणाली, विहिरीजवळचं झाड गेलं तसंच. ह्यांना किडकी फांदी तोडवली नाही, आणि झाड वाळलं. घरातल्या गोष्टी बाहेर बोलायची ही जागा नव्हती.

विचारलं, ऑपरेशननंतर मी बरा होईन ना? म्हणाले, पूर्ण प्रयत्न करू. डॉक्टर लोक कधी सरळ बोलत नाहीत.

भजी खाल्ली नाहीत. उंबरगावला गर्दी होती. गर्दी नव्हती.

१७ एप्रिल
बावीसला ॲडमिट, तेवीसला ऑपरेशन. प्लॅन तयार. ऑपरेशन थिएटरमध्ये स्ट्रेचरवर जायचं नाही, चालत जायचं. भूल देणाऱ्याला एखादा विनोद सांगायचा, कुठला ते ठरवतोय. आठवड्यात घरी. टेम्पो कसा भरायचा ते पलंगावरून फोनवर सांगेन.

जो येतो तो म्हणतो, सदूभाऊ, काही होत नाही. एकटी नर्मदा म्हणत नाही. एवढी वर्षं ह्या बाईबरोबर काढली, तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. संध्याकाळी सिरियल लावते. आज विचारते काय, तर कुंपणापलीकडे गेलेल्या फांद्यांचे चिकू कोणाचे, आपले की शेजाऱ्याचे? मी ओरडलो, मी मेलो नाहीये अजून! सगळ्या आळीने ऐकलं असेल. ती चपला घालून वाडीत गेली.

काळीज दगडाचं असावं, पण इतकं?

२१ एप्रिल. दुपार.
तानी, जी आमच्याकडे चिकू निवडायला येते, ती मला अंगणात गाठून म्हणाली, काका, काकीला दोन दिस निवडायला बसवू नका. मोठे बारके सगळे एका क्रेटात टाकते. पाण्याने भरलेल्या डोल्यांनी काय दिसनार तिला? मी विचारलं, कसलं पाणी? तानीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही विचारलं नाही.

चारच्या सुमाराला वाडीत गेलो. नर्मदा बोअरपाशी एकटीच होती. हिरवं बटण दाबलं, पाणी आलं. लाल दाबलं, थांबलं. परत हिरवं. परत लाल. पाणी कुठल्याच झाडाला सोडलेलं नव्हतं. ती नुसती सवय करत होती. मधे एकदा हात चुकला तर स्वतःच 'नाही नाही' म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

मी झाडाआड उभा होतो.

तिला वाडीत रस आला नव्हता. तिला स्कूटरची हौस नव्हती. जानेवारीत, डॉक्टर 'महिन्याभरात' म्हणाले तेव्हापासून ती मला ओळखून आहे. मी जाणार नाही, मी टाळत बसणार, हे तिला माहीत होतं. म्हणून ती एकीकडे हॉस्पिटलचे फोन घेत होती आणि दुसरीकडे माझ्याशिवाय जगायचं शिकत होती. आणि मी तिला बटणावरून ओरडत होतो. माझा प्रभाव म्हणे.

तिथेच पाचोळ्यात बसलो आणि रडलो. आवाज न करता. तेवढं जमलं.

२२ एप्रिल. वापी, हॉस्पिटल.
उद्या सकाळी पहिला नंबर माझा. चालत जाऊ देणार नाहीत, स्ट्रेचरच. नर्सला विचारलं. विनोदही आठवत नाहीये.

निधी रडून रडून खाली चहा प्यायला गेली. खोलीत आम्ही दोघंच. मी नर्मदाला म्हटलं, मला भीती वाटते. हे वाक्य मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो. ती म्हणाली, मला जानेवारीपासून वाटते. बास, तेवढंच. मग तिने माझ्या पायांवर चादर ओढली आणि स्टुलावर बसून, माझा हात हातात घेऊन म्हणाली, आता सगळं नीट सांगा. ओरडू नका.

सांगितलं. मोटरचा फ्यूज गेला तर कोणाला बोलवायचं. कुठल्या ओळीला पाणी कमी, कुठल्या ओळीला जास्त. खत कधी. तार कधी घालायची, आणि फांदी कधी तोडायची तेही सांगितलं. कुंपणापलीकडचे चिकू शेजाऱ्याचे, त्यावरून भांडायचं नाही. प्रितेशचा शब्द चालतो, त्याच्या भावाचा नाही. लाहूला उन्हात झाडावर ठेवायचं नाही. ती एकेक ऐकून मान हलवत होती, एकदोन गोष्टी तर माझ्याआधी तिनेच सांगितल्या.

आणि संपलं. मला वाटायचं जन्म जाईल. निधी चहा पिऊन वरसुद्धा आली नव्हती, आणि माझ्या डोक्यात होतं ते सगळं सांगून झालं होतं.

नर्मदा म्हणाली, अजून सांगा.

म्हटलं, अजून काही नाही गं, एवढंच आहे.

तिने माझा हात सोडला नाही. म्हणाली, असू दे, तरी सांगा.

मग मी परत मोटरपासून सुरुवात केली.