शेवटच्या प्रयोगाच्या चित्रणाबाबत

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, धंदा कॅमेऱ्यापुढे न हलता उभं राहणं, माझ्यामागे काय कोणाचं ते कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नणंदेचं मत वेगळं आहे, पण तिला विचारतंय कोण?

१. राहतं घर मुलीचं. मागच्या खोलीतली पांढरी भिंत चित्रणासाठी राखली होती. तिच्यावर आता खुशाल खिळे ठोकावेत.

२. कॅमेरा, तिपाई आणि दोन दिवे खालच्या फोटोवाल्याला. "पुतळाबाई, आज काय काय नाही करणार?" असं तो रोज विचारायचा. निदान विचारायचा तरी.

३. लोखंडी स्टूल नणंदेला. त्यावर मी न हलता सहा तास बसले, ते बघून ती म्हणाली होती, "हे तर आमच्या ऑफिसात सगळेच करतात."

४. माझ्या प्रयोगांचं चित्रण नवरा करायचा. नियम माझाच होता: त्याने 'बस' म्हटल्याशिवाय मी हलायचं नाही. शेवटच्या प्रयोगात मी पाण्याने काठोकाठ भरलेला काचेचा वाडगा हातांत धरून उभी होते. नवव्या मिनिटाला तो कॅमेऱ्यामागे कोसळला. सतराव्या मिनिटाला मुलगी दार उघडून आत आली, तोवर मी तशीच उभी. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर वाचले असते.

"आई, तुला आवाज नाही आला?" मुलीने विचारलं.

"मला वाटलं, दिव्याचा स्टँड पडला," मी म्हटलं.

वर्षभराने मी ते चित्रण लोकांना दाखवलं, मागे काय घडलं ते न सांगता. एका म्हाताऱ्या प्रेक्षकाने डोळे पुसत विचारलं, "नवव्या मिनिटाला तुमच्या नजरेत काहीतरी येतं. ते कसं आणलंत?" मी म्हटलं, "सरावाने." मुलीने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तिने या घरात पाऊल ठेवलेलं नाही.

५. त्या चित्रणाची एकच हार्ड डिस्क आहे. तीन संग्रहालयांनी मागितली, कोणालाही द्यायची नाही. ती मुलीची. बाळा, जपून ठेव नाहीतर हातोडीने फोड, पण आधी एकदा बघ. आईने लेकीच्या पाया पडू नये, तरी पडते. हजारो लोक मला बघून गेले, त्यांत मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. नवव्या मिनिटाला माझे डोळे भिंगावरून खाली फरशीकडे जातात आणि परत वर येतात. तो पडलेला मला दिसला होता. त्याचा हात हलत होता, तोही दिसला. माझ्या मनात आलं, अजून थोडा वेळ, इतकं चांगलं आजवर कधी जमलं नव्हतं.

स्थळ : राहतं घर, मागची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२१

सही

साक्षीदार :
१. माझे डॉक्टर (सही)
२. शेजारची शिंपीणबाई (सही)

दोघांनी मजकूर वाचलेला नाही. मला सही करताना त्यांनी फक्त बघितलं.