भुंडे हात

॥ श्री ॥
कारंजा (घाडगे), ६ जानेवारी १९५४

सौ. विहीणबाई अन्नपूर्णाबाईंस मनकर्णेचा नमस्कार वि. वि.

इकडे खुशाली लिवतो, पण जीव ठिकाणावर नाई. आमच्या गल्लीतला हिरालाल ट्रक घेऊन पुलगावले गेलता. म्हणे, माही सून गुलाब क्लबाच्या रस्त्यानं जात होती, अन् दोन्ही हात भुंडे! औषधाले बांगडी नाई. माह्या श्रावणचं काश्मिरातून दिवाळीपासून पत्र नाई. पलटणीची तार बायकोच्या पत्त्यावर जाते, हे मले मालूम हाये. विहीणबाई, तार आली का? माहे हात भुंडे झाले तवाही मले सगळ्याईच्या मागून सांगतलं होतं. काऊन लपवून राह्यल्या?

माया असन त खरं लिवा.
मनकर्णा

पुलगाव, ९ जानेवारी

गं. भा. विहीणबाईंस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं अन् लगेच लिवाले बसली. तार नाई, काई नाई! इथं क्लबात मुंबईची फर्नांडिसबाई पियानो वाजवणार हाये. सत्तरीची बाई, विलायतेत नाव कमावलेली. तिच्या पुढ्यातली सुरांची पानं कोणी तरी उलटावी लागते, अन् गुलाब मिशनच्या शाळेत ते वाचणं शिकली. बाई मोठी कडक. बांगडी किणकिणली का झाकण लावून उठते. म्हणून तालमीले पोरगी तेल लावून बांगड्या उतरवते. रस्त्यानं तरी घालत जा म्हणून मी बी रागावली. रविवारी, सतराले कार्यक्रम हाये. या अन् डोळ्यानं पाहा. येताना संत्री आणजा, तेवढाच तुमचा राग गोड लागन.

लोभ आटू देऊ नका.
अन्नपूर्णा

कारंजा, १२ जानेवारी

सौ. विहीणबाईंस न. वि. वि.

पत्र पोचलं, पटलं नाई. म्हातारी वाजवणार, अन् हात सवाशिणीनं भुंडे करावे? असं कोण मांगते? गुलाबनं स्वतः दोन वळी लिवल्या नाईत, हे बी ध्यानात आलं. दाल में काला हाये. शनिवारी येतो. पोरीनं क्लबाची पायरी चढेपर्यंत बांगड्या हातात ठेवाव्या, अन् उतरवल्या त माह्याच पदरात द्याव्या.

मनकर्णा

कारंजा, २ फेब्रुवारी

सौ. विहीणबाईंस सप्रेम नमस्कार वि. वि.

श्रावण काल सुटीवर आला! बर्फानं टपाल अडकलं होतं म्हणे. धडधाकट हाये. गुलाबले लगेच पाठवा.

आता त्या रविवारचं एक सांगतो, पोटात ठेवा. फर्नांडिसबाईची वाकडी बोटं पाहून मी म्हटलं, ही काय वाजवते! पण ते पियानोचं काळं धूड बोलूच लागलं. मंग हळू, जड सूर आले. मले श्रावण दिसला, बर्फात एकटा. मूठ आवळली गेली अन् पदरात कट् झालं. फुटल्या म्हणू नाई, गुलाबच्या दोन बांगड्या वाढवल्या. म्हातारीनं माह्याकडे एकडाव पाह्यलं, पण वाजवणं सोडलं नाई. पोरीचं ध्यान पानावर होतं. बांगड्या सकाळी भरजो म्हणून तिले सांगतलं, अन् पहाटेच कासाराले उठवून जोड मिळवला.

तुमच्यावर आळ घेतला, अन् लपवून मीच राह्यली.  तुकडे टाकायची हिंमत झाली नाई, पदराच्या गाठीतच होते. काल श्रावण पाया पडून गळ्याशी आला, त गाठ त्याले टोचली. माय, यात काय हाये, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, काई नाई.

तुम्हीही तेच म्हणजा. माया राहू द्या.
तुमची मनकर्णा